उन्हात घातलेल्या तबकड्या

मी घर सोडलं त्या सकाळी बाबा खळ्यात बसून पखवाजाला कणीक लावत होते. गावच्या भजनी मंडळाचे ते बुवा; ओळ ते म्हणायचे, मागून कोरस ती उचलायचा. संध्याकाळी भजनाची बारी होती खरी, पण संध्याकाळच्या बारीसाठी सकाळी सहाला कुणी कणीक लावत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांना मान वर करायची नव्हती, एवढंच. आईने पिशवीत खोबऱ्याच्या वड्या कोंबल्या. मी बाबांच्या पाया पडलो, तेव्हा ते पखवाजाकडेच बघत म्हणाले, "जातंस तर जा. पण गळो हयच ठेवन जा."

गावात राहिलेल्या माझ्या मंडळींनो, तुम्हाला हे वाक्य पाठ आहे, कारण दर गणपतीला तुम्ही मला त्यावरून चिडवलंत. माझ्यासारखे पोटासाठी मुंबईला आलेले जे आहेत, त्यांना मात्र सांगायला हवं की गळा इथेच ठेवून जा, हे वाक्य मी अक्षरशः पाळलं. बाबांना वाटायचं मी त्यांच्यामागून बुवा व्हावं. मला महिन्याच्या महिन्याला पगार हवा होता. बाप हट्टी, तर लेक त्याच्या दुप्पट. मुंबईत गायचं नाही म्हणजे नाही! गणपतीत गावी आलो की मी भजनाला मागे खांबाला टेकून बसायचो. ते मला कोरसात बोलवायचे नाहीत, मी आपणहून जायचो नाही. आई म्हणायची, "बापूस नि झील, दोघय मूग गिळून बसलेत." आणि खरं सांगतो, बाबांनी एकदा, फक्त एकदा हात करून पुढे बोलवावं म्हणून माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

सन ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. वाकोल्यात मामाच्या खोलीवर उतरलो आणि तिथलाच झालो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या बादल्या बनवायच्या मशीनवर कामाला लागलो. पुढे मामा गावी परतला आणि ती दहा बाय बाराची खोली माझी एकट्याची झाली. डोक्यावरून विमानं जायची. पहिला आठवडाभर प्रत्येक विमानाला मी मान वर करायचो, मग वडापावच्या गाडीवरचा भाऊ म्हणाला, "मान मोडेल रे, पाहुण्या." तेव्हापासून बंद.

आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर, कलिन्याच्या गावठाणात, आग्नेल अंकल राहायचे. बोटीवर खलाशी होते, रिटायर झालेले. एका रविवारी दुपारी त्यांच्या व्हरांड्यासमोरून जाताना मला रेकॉर्डवरचं गाणं ऐकू आलं आणि माझे पाय तिथेच थांबले. एक बाप्या जीव तोडून एक ओळ म्हणत होता आणि मागून चार-पाच बायका तीच ओळ वर उचलून त्याला परत देत होत्या. तो पुन्हा चढवायचा, त्या पुन्हा उचलायच्या. शब्द इंग्रजी, मला ओ की ठो कळत नव्हतं. पण च्यायला, ही तर आमची बारी! तो बुवा, ह्या कोरसवाल्या. मी रस्त्यात उभा राहून हसत सुटलो. अंकलनी विचारलं, "क्या हुआ, मॅन?" मी म्हटलं, "अंकल, ये आदमी हमारे गाव का है."

त्या गाण्यांना सोल म्हणतात, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधल्या गाण्यांतून ती उभी केली, हे अंकलनी मला समजावलं. त्यांच्याकडे बंदराबंदरातून आणलेल्या तबकड्या होत्या. व्हरांड्यावर दर रविवारी आम्ही पाच-सहा वेडे जमायचो आणि तबकड्यांची अदलाबदल करायचो. पैशाचं नाव काढायचं नाही. नियम दोनच. तबकडी देण्याआधी देणाऱ्याने ती सगळ्यांसमोर एकदा वाजवायची, म्हणजे तिचा नीट निरोप होतो. आणि विमान आलं की सुई उचलायची, विमान गेलं की ठेवायची. मी अंधेरीच्या भंगारवाल्यांकडून, घर खाली करणाऱ्या पारशी-ख्रिश्चन कुटुंबांकडून शोधून शोधून चौदा तबकड्या जमवल्या. जुना प्लेअरही मिळवला. स्वतः गात नव्हतो, पण दुसऱ्या कुणाचा तरी गळा रोज ऐकत होतो.

त्या चौदांत एक लहान, निळ्या लेबलची होती. कुठल्याशा छोट्या गावातल्या गायकाची, फार थोड्या प्रती निघालेली. आमच्या माहितीत मुंबईत ती एकच. आमच्या रविवारच्या वेड्यांतले घाटकोपरचे कीर्तिभाई, कापडाचे व्यापारी, दोन वर्षं तिच्यामागे लागले होते. शेवटी त्यांनी त्याच गायकाची मोठी तबकडी कुठूनशी पैदा केली. बारा गाणी! मी शब्द दिला: या रविवारी निळी तुमची, मोठी माझी.

त्या वर्षी मे महिन्यात बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले होते. डोळ्याला काळा चष्मा, सोबत आंब्याची साठं, म्हणजे आंबापोळ्या. तीन आठवडे झाले तरी आम्ही दोघे फक्त जेवण, औषध आणि हवा या तीन विषयांवर बोलत होतो. मी तबकड्या लावायचो तेव्हा ते बाहेर ओटीवर जाऊन बसायचे.

शनिवारी कामावरून आलो तर बाबा दारातच उभे. इतके खूश मी त्यांना वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. "तुझ्या त्या तबकड्यांका पांढरी बुरशी इली हुती," ते म्हणाले. "पावसाच्या आधी ऊन दाखवूक नको? साठांवांगडा गच्चीर वाळत घातलंय."

आता तुम्हीच सांगा, कोकणातल्या माणसाने दुसरं काय केलं असतं? मिरच्या, गोधड्या, पापड, साठं, ज्याला दमट वास येतो ते मे महिन्यात उन्हात जातं. मी तीन-तीन पायऱ्या चढत गच्चीवर गेलो. तेरा तबकड्यांचे द्रोण झाले होते. दिवसभर प्लास्टिक वितळवणारा माणूस मी, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! निळी तेवढी साठांच्या पाटाच्या सावलीत होती, तीही एका बाजूने उचललेली.

"बाबा, वाट लावलीत!" मी ओरडलो. काळ्या चष्म्यामागे काय झालं ते दिसलं नाही. पण त्यांचा चेहरा पडला, तो मला आजही दिसतो. रात्री ते जेवले नाहीत. मीही नाही.

रविवारी मी निघालो तर ते धोतर नेसून तयार. "चूक माझी. मी येतंय सांगूक." नको म्हटलं तरी आले. व्हरांड्यावर हात जोडून त्यांनी कीर्तिभाईंना सगळं मालवणीत सांगितलं. कीर्तिभाईंना शब्द किती कळले देव जाणे, पण निळी हातात घेऊन त्यांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली आणि म्हणाले, "अरे यार... दोन वर्षं." अंकल म्हणाले, "रूल इज रूल. निरोप तो देना पडेगा." वाकड्या तबकडीवर सुई उडू नये म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर एक नाणं ठेवलं आणि तबकडी लावली.

सुई वर-खाली डोलत होती, त्यामुळे गाणाऱ्याचा आवाजही डोलत होता. तरी गाणं होतं. बाबा पहिल्यांदाच ते नीट ऐकत होते, कारण उठून जायला ओटी नव्हती. त्याची ओळ, बायकांची ओळ. बाबांची बोटं मांडीवर चालायला लागली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हो बुवा खयचो रे?"

"अमेरिकेचो."

"गळो बरो आसा."

गाणं ऐन रंगात आलं आणि विमान आलं. अंकलनी नियमाप्रमाणे सुई उचलली. पण बाबांना हा नियम कुठे ठाऊक! गाणं अधांतरी सोडायचं असतं का कधी? त्यांनी डोळे मिटून तीच चाल उचलली, तिच्यात विठ्ठल घातला आणि विमानाच्या वर आवाज नेला. साठीचा म्हातारा, डोळ्याचं ऑपरेशन झालेला! ओळ संपली. त्यांचा उजवा हात माझ्याकडे वळला, तळवा वर, बुवा कोरसाला करतो तसा. आणि विमानाच्या घरघरीतून ते ओरडले, "धर रे!"

मी धरली. पाच वर्षांनी. आवाज फाटला, सूर हलला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सोडली नाही. विमान कधीच गेलं होतं, आम्ही थांबलो नाही. अंकल टाळ्या देत होते. कीर्तिभाईंनी डोकं डोलवून डोलवून चष्मा खाली पाडला.

थांबलो तेव्हा कीर्तिभाईंनी मोठी तबकडी माझ्या मांडीवर ठेवली. मी नको नको म्हणायला लागलो तर म्हणाले, "द्यायच्या आधी एकदा वाजवायची, हाच रूल ना? वाजली की मस्त! आता निळी माझी." वाकडी निळी त्यांनी रुमालात बांधून घाटकोपरला नेली. त्यांच्या दिवाणखान्यात ती अजून भिंतीवर आहे.

परतताना बाबा मला म्हणाले, "मुंबयचा पाणी लागला तरी गळो शाबूत आसा." एवढंच. त्या वर्षी गणपतीत मी खांबाला टेकलो नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. चारकोपला सेक्टरमध्ये माझं स्वतःचं घर आहे, मुलं तिथलीच, गावी मी पंधरा दिवसांचा पाहुणा. लोक विचारतात, मग तुमचं घर नेमकं कुठलं? मी पूर्वी गोंधळायचो. आता गणपतीत गावी मी बुवा म्हणून बसतो, त्याच खांबापुढे. कणीक लावलेला तोच पखवाज. आणि माझ्या डाव्या हाताला, ऐंशीला टेकलेले, हातात झांज, ताल हमखास चुकवणारे घाटकोपरचे कीर्तिभाई. दरवर्षी न चुकता येतात. ओळ संपली की मी तळवा वर करून त्यांच्याकडे हात वळवतो आणि सांगतो, "धरा, कीर्तिभाई!"

ते धरतात. चुकीच्या सुरात धरतात. पण धरतात हो.