स्टान्स घेऊन दाखवा

"नॉर्मल लिही आणि सोडून दे," सर म्हणाले. "तीन देशांत तपासून झालंय त्याचं."

मी फाइल हातात घेऊन उभी होते. काचेच्या दारापलीकडे, माझ्या तपासणीच्या खुर्चीत, एक माणूस टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्याला मी शाळेत असल्यापासून टीव्हीवर पाहत आले होते. नेहमी भारताविरुद्ध खेळताना.

त्याचं नाव सांगणार नाही, देशही नाही. तो आता निवृत्त झाला आहे आणि नाव न घेण्याच्या अटीवर ही गोष्ट सांगायला त्याने परवानगी दिली आहे. एवढं पुरे की त्याचा संघ जगातल्या पहिल्या काही संघांपैकी, तो उजव्या हाताने खेळणारा, संघातला सर्वांत जुना फलंदाज, आणि परवा नागपुरात सामना होता.

मी धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पेशंट मला डॉक्टर म्हणतात, मी दरवेळी दुरुस्त करते. औषध आणि ऑपरेशन हे सरांचं काम. डोळ्याला किती आणि कसं दिसतं ते मोजणं, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं हे माझं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे फाइलवर सही करताना अजूनही मी पेन जरा सांभाळून धरते.

सरांनी त्याचे दोन्ही डोळे आतून-बाहेरून पाहिले होते. पडदा चांगला, बुबुळ चांगलं, मोतीबिंदू नाही. मग नंबर तपासायला माझ्याकडे पाठवलं. त्याला ॲस्टिगमॅटिझम होता, म्हणजे डोळ्याचा पुढचा भाग चेंडूसारखा गोल नसून थोडा अंड्यासारखा. अशा डोळ्याला साधी लेन्स चालत नाही. टोरिक लेन्स लागते. तिचा नंबर एका ठरावीक दिशेनेच असतो, म्हणून ती डोळ्यात सरळ बसावी लागते. फिरली की दिसणं बिघडतं.

मी त्याची लेन्स पाहिली. सरळ बसली होती. मी तक्ता वाचायला सांगितला. शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली. सगळं नॉर्मल.

"मग तुम्हाला त्रास काय होतो?" मी विचारलं.

तो इंग्रजीत बोलला. पहिल्यांदा मला निम्मंच कळलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. पुस्तकातलं इंग्रजी येतं, कानावरचं उशिरा आलं. मी म्हटलं, "जरा हळू सांगा." तो हसला नाही. हळू बोलला.

"चेंडूची शिवण मला नेहमी दिसायची. गोलंदाजाच्या हातातून सुटली की दिसायची. आता चेंडूला शेपूट असल्यासारखं दिसतं. सहा महिने झाले. सगळे म्हणतात, डोळे ठीक आहेत, वय झालं." मग टोपीकडे बघत म्हणाला, "उद्या दुपारी नेट्समध्ये सराव आहे. उद्याही तसंच दिसलं तर मी कॅप्टनला सांगून टाकणार. परवा खेळणार नाही. त्यानंतरही नाही."

सोबत त्यांच्या संघाचा फिजिओ होता. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"फिल्डिंग करताना दिसतं का शेपूट?" मी विचारलं.

"नाही. स्लिपमध्ये या मोसमात माझा एकही कॅच सुटलेला नाही."

हे ऐकून मी फाइल घेऊन बाहेर सरांकडे आले होते, आणि सर म्हणाले होते, नॉर्मल लिही.

"सर, स्लिपमध्ये दिसतं आणि बॅटिंगला दिसत नाही," मी म्हटलं. "वय झालं असतं तर दोन्हीकडे झालं असतं."

"मग ते डोक्यात आहे. दबाव असतो यांच्यावर. बाहेर चाळीस पेशंट बसलेत."

"दहा मिनिटं द्या सर."

"काय करणार आहेस दहा मिनिटांत?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण सरांना सांगायला संकोच वाटत होता. ते उत्तर माझ्या आईचं होतं.

माझी आई भिवापूरला मिरच्या निवडायची. जमिनीवर बसून, समोर ढीग, देठ खुडायचे, डागी मिरची बाजूला टाकायची. मी अकरावीत असताना गावात डोळ्यांचं शिबिर झालं. तिला खुर्चीवर बसवून तपासलं, हातात कागद देऊन जवळचा नंबर काढला आणि चष्मा दिला. आठ दिवसांत तिने तो कोनाड्यात ठेवून दिला. मी रागावले तर म्हणाली, "त्यायनं मले अक्षरं वाचायचा चष्मा देला. मी काय अक्षरं वाचतो का? मी मिरच्या निवडतो."

तिचं बरोबर होतं. कागद आपण डोळ्याजवळ धरतो. मिरचीचा ढीग त्याच्या दीडपट लांब असतो, आणि खाली. नंबर चुकीचा नव्हता, चुकीच्या कामाचा होता. पुढे शिकून आले तेव्हा मी तिला फरशीवर बसवून, समोर मिरच्या ठेवून पुन्हा तपासलं. तेव्हापासून माझी एक सवय आहे. ज्याची तक्रार खुर्चीत सापडत नाही त्याला मी म्हणते, काम करता तसं करून दाखवा. सोनार फरशीवर बसतो, शिंपी मशीनवर वाकतो. दवाखान्यात यावरून माझी थट्टा होते.

"सर, मला त्याला स्टान्स घेऊन उभं करायचंय," मी म्हटलं. "गोलंदाजासमोर उभा राहतो तसं."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठे?"

"कॉरिडॉरमध्ये."

"दहा मिनिटं," सर म्हणाले.

मी कॉरिडॉर रिकामा करायला डहाके काकांना सांगायला गेले. डहाके काका आमच्या रिसेप्शनवर असतात. साठी ओलांडलेली. नागपुरात झालेला एकही आंतरराष्ट्रीय सामना त्यांनी सोडलेला नाही, असं ते सांगतात आणि त्यांची बायको ते खरं असल्याचं वैतागून कबूल करते. आजचा पेशंट कोण ते त्यांना ठाऊक होतं. सरांनी दम दिला होता, फोटो नाही, फोन नाही. त्यामुळे ते सकाळपासून फोन ड्रॉवरमध्ये ठेवून त्या ड्रॉवरकडे बघत होते.

"काका, कॉरिडॉर खाली पाहिजे. आणि बॅटसारखं काहीतरी द्या."

"काहून? काय करून राहिल्या तुमी मॅडम?"

मी सांगितलं. काका जवळ आले, आवाज खाली केला.

"मॅडम, सर म्हणून राहिले ना नॉर्मल? मंग लिहा ना नॉर्मल. परवा मॅच हाय. ह्या बुवानं आपल्याले किती बार रडवलं ते मले विचारा. तुमी त्याले धड दिसू द्याल, अन् थो आपल्यालेच धुईन."

"पेशंट आहे काका तो."

"परवा दुपारी दोन वाजेपर्यंत थांबा म्हणतो मी. मंग खुशाल करा दुरुस्त."

असं म्हणत त्यांनी स्वतःची छत्री काढून दिली.

आमच्या कॉरिडॉरच्या टोकाला एक तक्ता कायमचा लावलेला आहे. मी त्याला सहा मीटरवर उभं केलं. "समोर गोलंदाज आहे समजा. स्टान्स घ्या." त्याने छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा निघून जाणार. पण त्याने छत्री उलटी धरली, पाय फाकवले, डावा खांदा तक्त्याकडे केला आणि मान वळवून पाहिलं.

"डावा डोळा झाका. वाचा."

पहिल्या तीन ओळी त्याने वाचल्या. चौथीवर अडखळला. शेवटच्या दोन नाहीत.

"शेपूट?" मी विचारलं.

"शेपूट," तो म्हणाला. फिजिओ भिंतीला टेकला होता तो सरळ झाला.

चूक आहे हे कळलं. का आहे ते कळत नव्हतं. बाजूला उभं राहायचं म्हणजे फलंदाजाला मान वळवावीच लागते. वीस वर्षं तो असाच उभा राहत होता. मग सहा महिन्यांतच काय झालं?

मागून डहाके काकांचा आवाज आला. ते कॉरिडॉरच्या दारात पेशंट अडवायला उभे होते.

"मॅडम, ह्याची मान अशी नवती."

"म्हणजे?"

बोलावं की नाही हे काकांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांना राहवलं नाही. "पयले ह्याची हनुवटी खांद्यावर टेकायची. पुरा चेहरा बॉलरकडे. आता पाहा, मान अर्धीच फिरून राहिली. बाकीचं तो डोळे फिरवून पाहून राहिला. डोकंही कलतं झालं हाय. वीस वर्षांपासून पाहतो मी ह्याले. पाठ हाय मले."

मी इंग्रजीत सांगितलं. फिजिओने कपाळावर हात मारला. मागच्या वर्षी त्याच्या मानेला दुखापत झाली होती. बरी झाली, पण मान पूर्वीइतकी वळत नव्हती. "मी मानेची फाइल ठेवतो," तो म्हणाला, "डोळ्याची नाही."

मग कोडं सुटायला वेळ लागला नाही. चेहरा अर्धाच वळतो म्हणून उजवा डोळा नाकाकडे पार कोपऱ्यात जातो. त्यात डोकं कलतं. त्याची लेन्स ज्या प्रकारची होती ती खालच्या बाजूला जराशी जड असते आणि त्या वजनाने सरळ राहते. डोकं कललं तरी वजन सरळ खालीच ओढतं, म्हणून लेन्स डोळ्यात फिरते. टोरिक लेन्सवर तळाशी एक बारीक खूण असते. मी त्याला स्टान्समध्येच ठेवून, स्टुलावर चढून, हातातल्या ऑप्थॅल्मोस्कोपने, डोळ्यात प्रकाश टाकून बघायच्या छोट्या यंत्राने, पाहिलं. खुर्चीत बसल्यावर ती खूण घड्याळातल्या सहाच्या जागी होती. इथे ती जवळजवळ सातवर गेली होती.

तीन देशांतल्या तपासणीत काही खोट नव्हती. प्रत्येकाने त्याची हनुवटी मशीनवर टेकवून, समोर बघायला लावून तपासलं होतं. तिथे लेन्स सरळच होती, आणि स्लिपमध्येही तो समोरच बघत असतो.

दुसऱ्या प्रकारची टोरिक लेन्स असते. ती वजनावर नाही, पापण्यांच्या दाबावर सरळ राहते. आमच्या ट्रायलच्या डब्यात त्याच्या नंबरच्या अगदी जवळची एक होती. ती घातली, वीस मिनिटं बसू दिली. दहा मिनिटांची मुदत कधीच संपली होती. सर स्वतः कॉरिडॉरमध्ये येऊन उभे होते.

पुन्हा छत्री, पुन्हा स्टान्स. खूण सहावर. त्याने तक्ता वाचला. चौथी ओळ, पाचवी ओळ. शेवटची वाचून झाल्यावर तो तसाच उभा राहिला. मग छत्रीने एक फटका मारला, हळूच, कव्हरच्या दिशेने.

सर माझ्याकडे वळले. "नेमका नंबर कुठे मिळेल?"

"सीताबर्डीच्या सप्लायरकडे असेल. उद्या सकाळी."

"आणायला कोण जाईल?"

सगळ्यांनी डहाके काकांकडे पाहिलं.

"वा," काका म्हणाले. "म्हणजे आता आपल्याच टीमचा गळा कापायले सुरा पण मीच आणू."

पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते तिथे हजर होते. लेन्सचा डबा त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून आणला. मी लेन्स बसवली, त्याला पुन्हा छत्री देऊन स्टान्समध्ये खूण पाहिली, फाइलवर लिहिलं: तक्रार फक्त फलंदाजीच्या स्थितीत, त्या स्थितीत तपासणी केली. सही केली. सरांनी माझ्या सहीखाली आपली केली. एरवी ते वर करतात.

जाताना त्याने छत्री काकांना परत दिली आणि हात पुढे केला. काकांनी हात मिळवला, पण चेहरा गंभीर ठेवला. "थोडं कमी मारा साहेब," ते मराठीत म्हणाले. त्याने मला अर्थ विचारला. मी सांगितला. पहिल्यांदाच तो मोकळेपणाने हसला.

सामना मी पाहिला नाही. दवाखाना चालू होता. आदल्या दुपारी नेट्स झाल्यावर फिजिओचा मेसेज आला होता, दोनच शब्दांचा: "शिवण दिसली." सामन्यात तो खेळला. त्याच्या शंभर धावा झाल्या. आपण हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीच्या वेळेला आले. मी विचारायला घाबरत होते. त्यांनी जेवणाचा डबा ठेवला, ड्रॉवर उघडला, बंद केला.

"सेंच्युरी झाली तवा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या," ते म्हणाले. "बाजूचे पोट्टे चिडले. म्हणे, काहून काका, तिकडचे हाय का तुमी? मी म्हटलं, नाही बाबू. धंतोलीचा हाय."

"आणखी काही सांगितलं नाही ना?"

"नाही ना जी. सरांनी दम देला हाय ना." मग म्हणाले, "पण मॅडम, मान पाहिली मी त्याची. अर्धीच फिरून राहिली होती. तरी बॉल बराबर पाहत होता."

मी संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं. तिला क्रिकेट कळत नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग त्याले उभं करून पाह्यलं ना?" मी म्हटलं, हो.

त्या महिन्यात आमचा केस पेपर नव्याने छापायचा होता. सरांनी मला न विचारता त्यात एक ओळ घातली: कोणते काम करता, आणि ते करताना कसे बसता किंवा उभे राहता? काका ती प्रत्येक पेशंटला मोठ्याने विचारतात. मी त्यातून शिकले ते एवढंच, की दिसत नाही असं माणूस म्हणाला तर कधी आणि कसं उभं असताना, हे आधी विचारावं. तो कोणत्या संघातून खेळतो यासाठी त्या कागदावर रकाना नाही. काकांनी सुचवला होता, सरांनी नाकारला.