फर्म म्हणजे कोण?

"मॅडम, सही कुठं करू?" सुधाकर मेश्राम पेन उघडून बसले होते.

"थांबा. आधी पैसे कोणाकडून कोणाकडे जाणार ते सांगा."

वणीत माझं सीएचं ऑफिस आहे. मेश्राम कोळसा खाणीतून रिटायर झालेले. त्यांच्या शेजारी दिलीप कोंडावार, ट्रान्सपोर्टवाले, त्यांचे शाळेपासूनचे मित्र. दोघांच्या फर्मचा ट्रकचा वजनकाटा होता. कागदावर मात्र भागीदार कोंडावार नव्हते, त्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. आता ती कंपनी बाहेर पडत होती आणि तिच्या जागी एक व्यापारी येत होता.

"साधं काम हाय," कोंडावार म्हणाले. "नवा पार्टनर फर्मच्या खात्यात पैसे टाकते. फर्म माह्या कंपनीले देते. सगळं सुधाकरच्या डोळ्यासमोर. मंग मी निघतो."

साधं काम म्हटलं की मला धास्तीच वाटते.

काट्याखालची जमीन रस्त्याला लागून. फर्मच्या हिशेबात ती जुन्या खरेदीच्या किमतीला, बाजारात आज कितीतरी महाग. हा फरक म्हणजे जमिनीत मुरलेला नफा. जमीन विकली नाही, म्हणून त्यावर अजून कर लागलेला नाही. पण कोंडावारांची कंपनी आपला वाटा आजच्या भावाने घेणार होती. म्हणजे तिच्यापुरता नफा तिच्या हातात पडणार. मग त्यावरचा कर कोणाचा?

इथे आमच्याकडचा 'निघतो' हा शब्द घात करतो. भागीदार फर्मकडून पैसे घेऊन निघाला, तर ती निवृत्ती. त्याच्या भांडवलापेक्षा जास्त दिलं, तर त्या जास्तीवर कर फर्मला. त्याने वाटा दुसऱ्याला विकला आणि पैसे थेट त्याच्याकडून घेतले, तर कर विकणाऱ्याला. बोलताना दोन्हीला आपण 'निघतो'च म्हणतो. कोंडावार सांगत होते त्या पद्धतीत कर फर्मवर येतो, हे मी दोघांना सांगितलं.

"तं फर्म भरन नं," कोंडावार म्हणाले. "फर्म म्हणजे आमीच."

"सहीनंतर नाही. सहीनंतर फर्म म्हणजे मेश्राम आणि नवा माणूस. त्याच्याशी काय ठरलंय?"

"आतापर्यंतचा जो काय टॅक्स निघन, तो सुधाकरचा."

मेश्रामांनी पेन खाली ठेवलं. खाणीतून मिळालेला सगळा फंड त्यांनी या काट्यात घातला होता. "मॅडम, मंग तं मले काटाच विकावा लागन."

"असं कसं होऊ देईन बे?" कोंडावार त्यांच्याकडे वळले. "अर्धा मी देतो."

"तसं लिहून द्या," मी म्हटलं.

"दोस्तीत लिखापढी कायले?"

"राहू द्या मॅडम," मेश्रामही लगेच म्हणाले. "देईन तो."

मला मेश्रामांचाच राग आला. काट्यावर चिठ्ठीशिवाय एक ट्रक न सोडणारा हा माणूस! मी जरा आवाज चढवून म्हणाले, "दिलीपभाऊ देतील हो. पण भागीदार ते नाहीत, त्यांची कंपनी आहे. तिथे त्यांचे दोन भाऊ बसतात. ते तुमच्या शाळेत होते का?"

भावांचा स्वभाव कोंडावारांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांनी विचारलं, "वाटा विकला, तं पूर्ण टॅक्स कंपनीवर?"

"हो. नफाही पूर्ण कंपनीलाच आहे."

"भाऊ बोंबलतीन." त्यांनी मित्राकडे पाहिलं. मेश्राम टेबलाकडे बघत होते. "बोंबलू द्या. विकल्याचे कागद बनवा."

मला फार बरं वाटलं. तसं दाखवलं मात्र नाही.

कागद नव्याने केले. मेश्रामांची संमती घेतली, व्यापाऱ्याने पैसे थेट कंपनीला दिले, कंपनीने कर भरला. भाऊ ठरल्याप्रमाणे बोंबलले. मग कोंडावारांचा फोन आला. "मॅडम, तुमची फी सुधाकरकडून घ्या. वाचला तोच."

घेतली. मित्राकडून लिहून मागायची लाज वाटत असेल, तर निदान कर कोणाच्या माथी येतो एवढं तरी सहीआधी विचारावं. सहीनंतर मित्र मित्रच राहतो, भागीदार राहत नाही.