दोन नाही, चार

समोरचा माणूस बोलता बोलता अडला, की आमच्या प्रॉम्प्टर काकाजींना राहवत नसे. लग्नात मंगलाष्टक म्हणणारा अडखळला, ग्रामसभेत सरपंच गडबडला, की मागून हळूच पुढचा शब्द यायचा. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की नाटक व्हायचंच, आणि उभं आयुष्य काकाजींनी त्या नाटकांत पडद्याआड बसून इतरांना वाक्यं पुरवली. त्यांच्या जोरावर मीही काही वर्षं राजपुत्र झालो होतो. पुढे नोकरीने भंडाऱ्याला गेलो.

अडलेल्यापेक्षा चुकलेला त्यांना जास्त टोचे. "गलत शब्द तसाच नाही सोडायचा, तिथंच पकडायचा," म्हणायचे. एका मयतीत कोणीतरी गेलेल्या माणसाच्या सासुरवाडीचं नाव चुकीचं घेतलं, तर काकाजींनी रडणं थांबवून ते दुरुस्त केलं आणि मग पुन्हा रडायला लागले.

नाट्यमंडळाचं खातं ऑनलाइन झालं तेव्हा त्याचा कारभार एकमताने काकाजींकडे आला, कारण पोटात गोष्ट राखणारा गावात तेवढाच एक. सचिवाने पासवर्ड विचारला तर त्यालाही उत्तर मिळालं, "पासवर्ड म्हंजे नाटकाचा शेवट. पयलेच सांगतला तं पाहाले कोण बसते?" दुपट्ट्याआड मोबाईल धरून ते लॉगिन करत. "काकाजी मोबाईल नवरीवानी झाकून राहिले," म्हणून पारावरची मंडळी हसायची. लाखनीच्या बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला ते शांतपणे सांगत, "तुमी बँकेतच बसा, मी लाखनीले येऊनच राहिलो." तिकडून फोन बंद व्हायचा.

त्या वर्षी मंडई तोंडावर आली होती. वर्गणी जमा झाली होती, नटींना विसार पाठवायचा होता. एका दुपारी फोन आला. बोलणारा आपल्याच बोलीतला, पण कागदावरचं वाचल्यासारखा अडखळत होता. "काकाजी, मी ब्रांचमधी नवाच लागलो. सूचना वाचून दाखवतो. आपला पासवर्ड कोणाले बी... कोणाले बी..."

"सांगू नका," काकाजींनी पुरवलं.

पासवर्ड न विचारता उलट सांगू नका म्हणणारा हा पहिलाच. मग त्याने मंडळाचं लॉगिनचं नाव चुकीचं वाचलं. काकाजींनी दुरुस्त केलं. तेवढ्यात मोबाईलवर ओटीपी आला. "तो आकडा इकडं दिसूनच राहिला, काकाजी. दोन, सात, सात..."

"दोन नाही, चार," काकाजी म्हणाले, आणि अख्खा आकडा त्याला नीट म्हणून दाखवला.

लॉगिनचं नाव आणि ओटीपी हाती आला की जुना पासवर्ड न विचारताही नवा करता येतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत खातं रिकामं झालं होतं.

बँकेत तेच गेले, पोलिसांत तेच गेले आणि सभाही त्यांनीच बोलावली. त्या सभेची मला आजही चीड येते. "माह्या तोंडून पासवर्ड गेला नाही, आकडा गेला," असं ते सांगत होते आणि लोक एकमेकांकडे पाहून हसत होते. सचिव म्हणाला, "एवढा हुशार माणूस असा फसतेच कसा?" हा सचिव आमचा जुना नायक. काकाजी नसते तर रंगमंचावर त्याला स्वतःचं नावही आठवलं नसतं. मी उठून बोललो, तर "तू भंडाऱ्यात राहतं, तुले गावातलं काय समजते," म्हणून मला खाली बसवलं. बाकीचे गप्प राहिले. आरोप करणाऱ्यांपेक्षा या गप्प बसणाऱ्यांचा मला जास्त राग आहे.

काकाजींनी लाखनी रोडवरचा प्लॉट विकून सगळी रक्कम भरून दिली. मुलीसाठी राखलेली ती एकच जागा होती. काकूंनी दोन दिवस चूल पेटवली नाही. "माह्यापायी गावाचं नाटक बंद नाही पडाव," एवढंच ते म्हणाले. मंडळाने पैसे घेतले, नाटक झालं, वाजतगाजत झालं. आणि दुसऱ्याच दिवसापासून गाव बोलू लागलं, "खाल्ले नसते तं भरले कायले असते?" कालपर्यंत ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही खात्री पटली.

मागच्या माघात काकाजी गेले. त्याआधी भेटायला गेलो होतो, तेव्हा न राहवून मी विचारलं, "काकाजी, भरलेच नसते तं?"

"तरी चोरच म्हणले असते, बाबू."

मग त्या फोनवाल्याला मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. काकाजींनी ऐकून घेतल्या. भिंतीकडे कूस वळवत म्हणाले, "जाऊ दे. लुटलं त्यानं, पण शेवटपर्यंत मले काकाजी म्हणे."