तेवीस डिग्रीची खोली

नॉटिंगहॅमला आमच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरसाहेबांनी घराच्या गॅरेजची खोली करून मला राहायला दिली. उपकाराचं दडपण एवढं की भिंतीवरचा हीटरचा पंखा लावायलाही मी बिचकायचो. म्हणून साहेबांनीच स्मार्ट थर्मोस्टॅट आणला. मी हॉस्पिटलच्या किचनमधून दुपारी परतायच्या आत मोबाइलवरून खोली गरम करून ठेवायची, असा त्यांचा बेत. ते इलेक्ट्रिशियन बोलावणार होते. मी म्हटलं, साहेब, एवढं तरी मला करू द्या.

शाळा मी आठवीत सोडली आणि इचलकरंजीत काकांच्या हाताखाली यंत्रमागाच्या शेडमध्ये वायरिंग शिकलो. हीटरचा भार थर्मोस्टॅटवर थेट टाकायचा नाही, मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे भार पेलणारा जाड स्विच, घालायचा, हे काकांचंच शिक्षण. तसंच केलं. इथल्या लायसनवाल्यानं येऊन तपासलं, ठीक म्हणाला. साहेबांनी मोबाइलवर बोट टेकवलं, पंखा घरघरला. "तू तर इंजिनिअर निघालास," ते म्हणाले. ते वाक्य मला आठवडाभर पुरलं.

मग संध्याकाळी पंखा बंद पडायला लागला. थंडीत इथं चारलाच अंधार. मी हातपाय धुऊन देवापुढं दिवा लावायचो, भाजी फोडणीला टाकायचो, तोवर पंखा गप्प. झोपायच्या सुमाराला आपोआप सुरू. सकाळी तर काहीच तक्रार नाही. तीनदा मेन बंद करून बॉक्स उघडला, एकेक स्क्रू आवळला. काही सापडेना. माझ्याच हातून काहीतरी राहिलं, हे मनातून जाईना. सांगितलं तर साहेब दुसऱ्याला बोलावतील आणि ते इंजिनिअरचं वाक्य परत घेतील. त्यापेक्षा कोट घालून जेवणं बरं.

साहेब गाडीपाशी भेटले की मोबाइल दाखवायचे. तेवीस डिग्री. आमच्या हॉलपेक्षा तुझी खोली गरम आहे रे, म्हणायचे. मी म्हणायचो, हो साहेब, छान ऊब असते. एकदा तर वाटलं, मोबाइल खरं सांगतोय, थंडी माझ्याच डोक्यात आहे.

जानेवारीत चुलतभावाचा फोन आला. काका गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. इथं कुणाला सांगितलं नाही, कशाला कुणाला घोर. सुतक म्हणून दिवा लावला नाही, तेवढंच माझ्या हातात होतं. अंधारात पलंगावर बसलो आणि पंखा चालत राहिला. कोट काढावा लागला. त्या दिवशी ऊब मिळाली याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नजर फळीवर गेली. वर थर्मोस्टॅट, बरोबर खाली देव आणि कोरडा दिवा. दुसरीकडं कुठंही पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत विझायची, म्हणून मीच तो तिथं ठेवलेला. थर्मोस्टॅट माझ्या दिव्याची ऊब मोजत होता आणि खोली तापली समजून पंखा बंद करत होता. माग बंद पडला की काका आधी आजूबाजूला बघायचे, मग पक्कड काढायचे. मी उलटं केलं होतं. हसू आलं. ज्यांना फोन करून हे सांगावं असं मला वाटलं, ते काकाच आता नव्हते.

चौथ्या दिवशी साहेबांनी दार वाजवलं. "अरे, तुझी खोली आता वीसच दाखवते. बिघडलं काय?"

"आत्ता नीट आहे साहेब, वीसवरच तर लावलंय. आधी बिघडलं होतं." मग कोटासकट सगळं सांगून टाकलं.

"मग दिवा हलवलास ना?"

"सध्या लावत नाही. सुतक आहे. काका गेले माझे."

ते दारातच थांबले. "आणि तू रोज कामावर जातोयस?"

मी मान हलवली. ते बूट काढून आत आले, पलंगाच्या कडेला बसले, काका काय करायचे ते विचारलं. इतक्या दिवसांत मी काकांबद्दल पहिल्यांदाच बोललो. बोलता बोलता कॉन्टॅक्टर टक् वाजला आणि पंखा सुरू झाला.

"हे त्यांनीच शिकवलं ना?" साहेब म्हणाले.

अकराव्या दिवशी दिवा खिडकीत ठेवला. तिथं पंख्याचा वारा लागतो, म्हणून ज्योत असेपर्यंत मी पंखा हातानं बंद करतो. तेवढा वेळ साहेबांच्या मोबाइलवर खोली सतरा-अठरा दिसते. ते विचारत नाहीत.