दसऱ्याला घरी न्यायची गाडी

वापरलेली गाडी घेताना कोणी माझा सल्ला विचारला, की मला आधी एका माणसाचे हात आठवतात. चौकशीच्या वेळी तो माझ्यासमोर दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसला होता. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला आता काही काळ झाला. बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले आहेत. हे प्रकरण मात्र अजून तसेच डोळ्यांसमोर आहे.

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. पितृपक्ष चालू होता. एका संध्याकाळी दिवेलागणीला, काजू कारखान्यातून सुटून घरी चाललेल्या एका बाईला हातखंब्याजवळ गाडीने उडवले. गाडी थांबली नाही. बाईला जिल्हा रुग्णालयातून कोल्हापूरला हलवावे लागले. ती बेशुद्ध होती. जागेवर आम्हाला हेडलाइटचे तुकडे आणि पांढऱ्या बंपरची एक कपची मिळाली. पंचनामा केला, मुद्देमाल सीलबंद केला. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात एक लहान पांढरी गाडी दिसत होती, पण नंबर वाचता येत नव्हता. जिल्ह्यात लहान पांढऱ्या गाड्या किती, याचा हिशेब करण्यात अर्थ नव्हता.

बाईचा दीर रोज सकाळी चार माणसे घेऊन ठाण्यात यायचा. "साहेब, वहिनीचं बरंवाईट झालं तर नुसत्या अपघाताच्या कलमावर भागवू नका. सदोष मनुष्यवध लावा. गाडी थांबवून दवाखान्यात नेली असती तर काय बिघडत होतं?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ते कलम लागले तर ठाण्यातून जामीन मिळत नाही. आरोपी सरकारी पगारावरचा असेल तर कोठडीपाठोपाठ निलंबन येते. हे मला पुढे फार बोचणार होते, तेव्हा माहीत नव्हते.

दसरा झाला आणि ठाण्यात एक फोन आला. "ती गाडी मंडणगडला हाय. शाळेतल्या क्लार्कनं घेतलीय. डावा हेडलाइट नवा हाय, बघा जाऊन." पूर्ण नंबर सांगून माणसाने फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मला हाक मारली.

खबर देणारा सहसा अर्धवट सांगतो. त्याला थोडेसे दिसलेले असते आणि बाकी तो अंदाजाने भरतो. इथे गाव, धंदा, नंबर, डावी बाजू, सगळे तयार वाढून दिले होते. मला ते खटकले, पण खटकले म्हणून तपास थांबवता येत नाही.

गाडीचे आर.सी. बुक मुंबईच्या एका माणसाच्या नावावर होते. त्याने ती हातखंब्याच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डाला विकलेली. यार्डाच्या मालकाने आम्हाला चहा पाजला आणि डिलिव्हरी नोट काढून दिली. त्यावर क्लार्कची सही होती. तारीख अपघाताच्या आधीची. खाली छापलेले होते, की या वेळेपासून गाडीची सर्व जबाबदारी खरेदीदाराची राहील.

"कागद स्वच्छ आहे साहेब," मालक म्हणाला. "पैसे दिले, गाडी घेऊन गेला. पुढे कुणाला उडवली ते मला काय ठाऊक!"

आम्ही मंडणगडला गेलो. तिथल्या ठाण्यात नोंद करून वाडीत पोचलो. डोंगराच्या उतारावर चिऱ्याचे घर होते. अंगणात गाडी जुन्या चादरीखाली झाकलेली, डॅशबोर्डवर छोटा पंचशील ध्वज. चादर काढली. उजवा हेडलाइट जुना, पिवळट पडलेला. डावा लख्ख. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर नवा रंग.

क्लार्क बाहेर आला. चाळिशीचा, सडपातळ माणूस. मागे त्याची बायको, दारात दोन मुली, आणि कठड्याला धरून उभी असलेली आई.

"त्या तारखेला तुम्ही कुठे होता?" मी विचारले.

"रत्नागिरीला. जिल्हा परिषदेत शाळेचं काम होतं."

माझ्या हवालदाराने माझ्याकडे पाहिले. म्हातारी मुलाला विचारत होती, "गाडीला काय झालं रे? परत घेऊन चाललेत काय?" तिला हृदयाचा त्रास होता. डॉक्टर रत्नागिरीत, आणि एसटी बदलत जाताना तिचा जीव घाबरा व्हायचा. गाडी घेतली होती ती तिच्यासाठी. आम्ही तिच्या देखत गाडी जप्त केली.

दुसऱ्या दिवशी तो चौकशीला आला. आल्या माणसाला मी लगेच गुन्ह्याचे विचारत नसे. ज्यातले त्याला चांगले कळते त्यावर बोलू द्यायचे. म्हणजे खरे बोलताना त्याचा आवाज कसा लागतो ते कळते, आणि पुढे तो बदलला तर तेही कळते. मी म्हटले, "गाडी कशी निवडलीत ते पहिल्यापासून सांगा."

तो सांगू लागला आणि त्याचे हात मांड्यांखालून बाहेर आले. एकूण तीन लाखांच्या वर जायचे नाही, असे नवराबायकोने ठरवले होते. त्यातच नाव बदलण्याचा खर्च, विमा आणि लागले तर टायर. चिपळूणला एक स्वस्त गाडी पाहिली. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला तर टोकाला सुकलेला गाळ, म्हणजे पुरात बुडालेली. ती सोडली. खेडला एक डिझेल पाहिली. महिन्यातून दोन खेपा करणाऱ्याला डिझेल परवडत नाही, म्हणून तीही सोडली. तिसरी ही. सकाळी लवकर गेला, कारण इंजिन गार असताना सुरू करून पाहायचे होते. दरवाजांवर फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले, पुट्टी भरली आहे का ते कळावे म्हणून. स्टेपनी उचलून खालचा पत्रा पाहिला. आईला मागच्या सीटवर बसता-उठता येईल का, हे पाहायला बायकोला गुडघे आखडून बसायला लावले.

"आणि पितृपक्षात मुद्दाम गेलो साहेब. त्या दिवसांत गिऱ्हाईक नसतं, भाव उतरतो. पंधरा हजार कमी झाले."

"मग पैसे दिलेत, सही केलीत. गाडी का नाही आणलीत?"

हवालदार मदतीच्या सुरात म्हणाला, "पितृपक्षात गाडी दारात नको, म्हणून ना?"

"नाही. आम्ही बौद्ध. आम्ही पितृपक्ष पाळत नाही."

ज्या एका उत्तरावर कोणाचाही विश्वास बसला असता, ते त्याने स्वतःच नाकारले होते.

"मग कशासाठी ठेवलीत?"

"आईचं म्हणणं, घरातलं पहिलं वाहन धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दारात यावं. म्हणजे दसऱ्यालाच. यार्डवाले म्हणाले, पैसे आज भरून सही करा, नाहीतर दुसरं कुणी नेईल. गाडी इथंच राहू दे, सावकाश न्या. मला वाटलं, सोय झाली."

"आणि नवा हेडलाइट?"

"दसऱ्याला नेताना, यार्डात हार घालून फोटो काढला तेव्हा दिसला. विचारलं तर म्हणाले, दसऱ्याची भेट समजा." त्याने मान खाली घातली. "मी खूश झालो साहेब. एक खर्च वाचला म्हणून."

यार्डाच्या मालकाने याचे उत्तर आधीच तयार ठेवले होते. "हे लोक पितृपक्ष पाळत नाहीत, मग हा गाडी माझ्याकडे कशाला ठेवेल? त्याच दिवशी नेली. दसऱ्याला फुकट सर्व्हिसिंगला आला, तेव्हा हार घालून फोटो काढला." ऐकणाऱ्याला पटेल असेच ते होते. आणि कागद त्याच्या बाजूने बोलत होता.

मी क्लार्कला विचारले, रत्नागिरीहून परत कसे गेलात? एसटीने, म्हणाला. तिकीट? फेकून दिले. वाडीत उतरताना कोणी पाहिले? बायको, आई. घरच्यांच्या जबाबाला कोर्टात वजन नसते, हे त्यालाही ठाऊक होते.

"आणखी कोणी?"

तो पुटपुटला, "खालच्या घरचा शेजारी होता. पण त्याला विचारू नका. पाया पडतो."

"का?"

"गाडी दारापर्यंत न्यायला त्याच्या जमिनीच्या कडेचा गडगा, तो दगडी बांध, फोडावा लागला. वाट जुनीच आहे, पण तो मानत नाही. तहसीलदारांकडे तक्रार केलीय त्यानं. तो मुद्दाम उलट सांगेल. मी आत गेलो तर ही वाट आपोआप बंद होते."

त्याच दुपारी कोल्हापूरहून कळले, बाईची प्रकृती जास्त बिघडली आहे. साहेबांचा फोन आला. "डिलिव्हरी नोट आहे, गाडी आहे, आरोपी त्या दिवशी रत्नागिरीत होता. आणखी काय पाहिजे तुम्हाला?" मी एक दिवस मागून घेतला. तो देताना साहेबांनी जो सुस्कारा सोडला, तो मला फोनवर नीट ऐकू आला.

मंडणगडला जाताना मला स्वस्थता नव्हती. शेजारी खोटे बोलला तर क्लार्क संपला, आणि तो खोटे बोलतो आहे हे मला सिद्ध करता आले नसते. मी विचारलेच नसते, तर निदान शंका शिल्लक राहिली असती. हवालदार वाटेत दोनदा म्हणाला, "साहेब, उगाच पायावर धोंडा."

शेजारी अंगणात भाताच्या पेंढ्या उलटत होता. साठीचा गडी, डोक्याला फडके. पोलीस पाहून तो आनंदला.

"वाटेच्या चौकशीला आलात? बसा, बसा. हा बघा गडगा. माझ्या आजानं रचलेला. एका दिवसात फोडला."

"कधी फोडला?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी! मी कामाला गेलो ते बघून फोडला."

"त्याआधी गाडी आली होती का? खाली रस्त्यावर उभी वगैरे?"

तो माझ्याकडे मूर्खाकडे पाहावे तसा पाहत राहिला. "साहेब, गाडी आली असती तर मी गप बसलो असतो? तिच्यावरच तर माझी नजर होती. घेतलीय घेतलीय ऐकत होतो, येत काय नव्हती."

मी तारीख सांगितली आणि विचारले, त्या दिवशी तो तुम्हाला दिसला होता का?

तारखेवरून त्याला उमगले नाही. मग त्याने घरात हाक मारून बायकोला विचारले, आणि ती आतूनच म्हणाली, "मामंजींचा म्हाळ होता तो दिवस."

"हां, बरोबर! बापाचा म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध. मुंबईहून भाऊ, पुतणे आलेले. दिवे लावायच्या टायमाला हा एसटीतून उतरला, खांद्याला पिशवी. मी इथंच उभा. त्याला बोललो, गडग्याला हात लावलास तर बघ. तो बोलला, वाट सरकारी नकाशात हाय. मग काय, माझा भाऊ मधी पडला म्हणून, नायतर म्हाळाच्याच दिवशी मारामारी झाली असती."

दिवेलागणीला तो इथे होता. त्याच वेळी बाई हातखंब्याजवळ रस्त्यावर पडली होती, आणि या दोन जागांमध्ये अर्धा जिल्हा आहे. मी विचारले, "हे लिहून घेतलं तर सही कराल? यात त्याची सुटका होईल."

तो घुटमळला.

"कशातनं सुटका?"

मी सांगितले. त्याने डोक्याचे फडके काढून झटकले. "माणूस मारून पळाला असं म्हणतायत त्याला? ह्याला? एसटीत बसलेला माणूस गाडी कुठनं चालवील? आणा कागद. पण वाटेचं त्यात काय लिहू नका. ते वेगळं."

भावांचे आणि पुतण्यांचे जबाब मुंबईहून मागवले. ते जुळले. मग मी यार्डाच्या मालकाला ठाण्यात बोलावले. या वेळी चहा आम्ही पाजला. गाडी अपघाताच्या वेळी क्लार्ककडे नव्हती, हे त्याच्यासमोर मांडले, आणि एवढेच विचारले, की मग ती कोणाकडे होती. तो बराच वेळ कप फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "मेव्हण्यानं नेली होती. मी नको म्हटलं होतं."

मेव्हण्याला त्याच संध्याकाळी ताब्यात घेतले. विकलेली गाडी, दुसऱ्याची जबाबदारी, म्हणून तो निर्धास्तपणे फिरवत होता. अपघातानंतर यार्डातच दिवा बदलला, रंग मारला. बाईच्या गावातली माणसे यार्डांतून विचारपूस करू लागली, तेव्हा ठाण्यात फोन करणाराही तोच. कागद भक्कम असल्याची त्याला खात्री होती.

बाई वाचली. आजही काठी घेऊन चालते. गाडी बरेच दिवस ठाण्याच्या आवारात उभी होती. कोर्टाच्या आदेशाने ती क्लार्कला सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत दिली.

साक्षीच्या तारखेला मी रत्नागिरीच्या कोर्टाच्या आवारात उभा होतो. तीच पांढरी गाडी आत आली. क्लार्क चालवत होता आणि बाजूच्या सीटवरून खालच्या घरचा तो शेजारी उतरला.

"याच गाडीतून आलात?" मी विचारले.

"मग? साक्षीला ह्याच्यासाठी यायचं आन् भाडंबी मीच भरायचं?"

मी सल्ला विचारणाऱ्यांना सांगतो, लोहचुंबक जरूर फिरवा, सीट बेल्ट ओढून बघा, पण सही करायची ती गाडी फाटकाबाहेर काढून. सगळे तपासणारा माणूस शेवटच्या कागदापाशी थकतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. पोलीस म्हणून मी दुसरी गोष्ट शिकलो. माणसाच्या बाजूने कोण बोलते यापेक्षा, ज्याला त्याच्या विरुद्ध बोलण्यात फायदा आहे तो काय बोलतो, हे विचारायला जावे. जाताना भीती वाटतेच. त्या दिवशी मंडणगडच्या घाटात मला वाटली तशी.

साक्ष झाली. बाहेर आल्यावर मी शेजाऱ्याला म्हटले, आता वाटेची तक्रार मागे घ्या.

"ती कशाला घेईन? तिची तारीख पुढच्या महिन्यात हाय, तहसीलदारापुढं."

क्लार्कने गाडीचे दार उघडून धरले होते. "तेव्हा मात्र एसटीनं यायचं, काका," तो म्हणाला.