मामाने भादरलेलं झुडूप

आमच्या मामाचे हात रिकामे राहिले की कुणाचं तरी काहीतरी कापलं जातं. जन्मभर सलून चालवलं त्याने. ते बंद करून घरी बसला, तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची डोकी हौसेने तासायचाच. "कापलं की जोमाने वाढतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरं तत्त्वज्ञान त्याला कधी लागलंच नाही. माणूस मात्र लाखाचा.

बाग मामीची. तिथे मामाला फक्त पाणी घालायची परवानगी.

गेल्या थंडीत मामी बाथरूममध्ये घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती हॉस्पिटलात होती तेवढ्यात मामाने ठरवलं, ही घरी येईल तेव्हा बाग कशी टापटीप दिसली पाहिजे! थंडी सरता सरता मामी गुलाब छाटते, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्याने गुलाब छाटले. तिथवर ठीक होतं. पण हात शिवशिवत होते ना! खिडकीखाली मामीचं लाडकं पांढऱ्या फुलांचं झुडूप ऐसपैस वाढलं होतं. तेही त्याने चारी बाजूंनी गोल भादरून टाकलं आणि मला फोन केला, "काय देखणं दिसतंय म्हणून सांगू!"

मामी घरी आली आणि तिने अंथरूणच धरलं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना ती रोज "उद्या बघू" म्हणून वाटेला लावायची. वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर टॉवेल वाळत. डॉक्टरांनी मामाला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालणारच नाहीत. मामा बिचारा काकुळतीला यायचा.

"माझं झालं आता," मामी म्हणायची. "पांढरी फुलं आली की तेवढा पडदा उघडा."

असा संताप यायचा मला! एकदा तर मी ओरडलेही तिच्यावर. पण ती ढिम्म.

हवेत ऊब आली. गल्लीतली तसली सगळी झुडपं पांढरीशुभ्र झाली, तेव्हा मी मोठ्या हौसेने मामीचा पडदा सरकवला. बाहेर नुसता हिरवागार चेंडू. औषधालासुद्धा फूल नाही.

"ह्याला हात कुणी लावला?" मामीने विचारलं.

"अगं, गुलाबांबरोबर ह्यालाही जरा..." मामा पुटपुटला.

अरे देवा! मामीने त्याची अशी बिनपाण्याने केली म्हणता! "गुलाब नव्या फुटीवर फुलतो, म्हणून तो थंडी सरताना छाटायचा. ह्याच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवर आधीच धरलेल्या असतात. तुम्ही माझा अख्खा बहर केरात घातलात!"

"चुकलंच माझं. थांब, आत्ता नीट कापतो," म्हणत मामाने कात्री उचलली.

"खबरदार!" मामीने पांघरूण फेकलं. "तो वॉकर आण गं इकडे!"

मी आणला. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने मामाने. उंबऱ्याशी ती थांबली. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, आता मागे फिरणार. कसली फिरते! झुडपाशी पोचली आणि एका हाताने पानं बाजूला सारू लागली.

"ही बघा, जुनी जाड फांदी. अशा दोन-चारच काढायच्या, त्याही पार बुडातून. टोकं भादरत बसायचं नाही. आणि कापायचं ते फुलं गळल्या गळल्या. उशीर केलात की पुढच्या कळ्या गेल्याच म्हणून समजा."

मामा "बरं, बरं" म्हणत होता, पण त्याचं लक्ष फांदीकडे नव्हतंच. तो तिच्या पायांकडे बघत होता.

"ऐकताय ना? यंदा ह्याला बोट लावायचं नाही. पुढच्या वर्षी फुलं गळली की मी इथे उभी राहणार. मी दाखवीन तीच फांदी कापायची."

पुढच्या वर्षीचं काही मामी बोलली, ते घसरून पडल्यापासून पहिल्यांदाच. मामाला हुंदकाच फुटला.

"आता रडताय काय?" मामी म्हणाली. "धरा मला. पाय दुखतोय."