चोचीवरची पांढरी रेघ

अक्षर माझं वाकडंतिकडं आहे, आणि शुद्धलेखन चौथीत जेवढं येत होतं तेवढंच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याबद्दल माफ करावं. चार माणसांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी धागे कापायला बसते. भरतकाम झालेला टॉवेल आमच्या पुढ्यात येतो. सुटलेला धागा दिसला की कातरायचा आणि घडी घालायची. परदेशच्या एका ऑर्डरीत समुद्रावरचे पक्षी होते. पाठ काळी, पोट पांढरं, खडकावर उभे. पहिला आठवडा एकच पक्षी आला, बारीक टोकदार चोचीचा. त्यात दुसरा कधी मिसळला ते कुणी सांगितलं नाही. तोही तसाच काळा-पांढरा, फक्त चोच जाड आणि तिच्यावर एक उभी पांढरी रेघ.

दिवसभर तेच बघून डोळे जड झाले होते. मला वाटलं, काळ्यावर पांढरा धागा राहून गेलाय. कातरून ओढला तर सहज निघाला. चोच स्वच्छ झाली म्हणून बरंही वाटलं. असे साठ टॉवेल झाले.

खोक्यात भरताना सुपरवायझरबाईंच्या लक्षात आलं. दोन्ही पक्ष्यांचे नमुने शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं. माझ्या पक्ष्यांची चोच जाड, पण रेघ नाही. ते ना या खोक्यात बसत होते, ना त्या. ढीग आम्हा चौघींचा होता. कुणी कबूल केलं नाही तर चौघींचा पगार कापणार, असं त्या म्हणाल्या.

लग्नाआधी मी मैंदर्गीकडे मेंढरं राखली. शंभरात आपलं कोणतं, ते तोंडावरून ओळखायची. आणि इथं मला एक चोच दिसली नाही.

"म्या काढली, बाई," मी म्हणाले. "धागा वाटला."

शेजारची म्हणाली, "मेंढरं कातरायची सवय हाय की तिला."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

सुईनं रेघ परत घालून देते म्हटलं, पण हाताचा टाका वेगळा दिसतो, ते चालत नाही, असं बाई म्हणाल्या. साठ टॉवेलांचे पैसे दर आठवड्याच्या पगारातून थोडे थोडे कापायचं ठरलं. त्या दिवसापासून मी रिक्षा सोडली. जाता-येता चालते. घरी पोचल्यावर बोलायचं त्राण राहत नाही. भाकरी थापते आणि आडवी होते.

ती ऑर्डर अजून येते. आता शेजारचीच टॉवेल पुढं करून विचारते, "अक्का, ह्यो कुठला?" मी चोच बघून सांगते. समुद्र मी पाहिलेला नाही.

या शनिवारी कारकुनानं कपातीच्या वहीत माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि पगाराचं पाकीट काही न कापता दिलं. पैसे सगळे फिटले.